घराण्यातील चरबीचा वारसा कसा नोंदवावा

विदर्भातील गावांना सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आता परिचयाची झाली आहे: एका जनुकातील दोष, रक्ताची चाचणी आणि रुग्ण की वाहक हे सांगणारे कार्ड. लठ्ठपणाचे असे कार्ड निघत नाही, कारण वजनाशी संबंध असलेली नऊशेहून अधिक ठिकाणे माणसाच्या जनुकसंचात आतापर्यंत सापडली असून त्यांतील बहुतेकांचा एकेकट्याचा परिणाम फार थोडा असतो. म्हणून लाळेवरून जनुके तपासणाऱ्या महागड्या चाचणीवर पैसे घालण्याआधी शिंप्याची टेप, वहीचे एक पान आणि घरातील वडीलधाऱ्यांची आठवण एवढ्यावर काम सुरू करावे.

पानावर तीन पिढ्या मांडाव्यात. आईच्या माहेरची माणसे अशा नोंदीतून हमखास गळतात; ती आवर्जून घ्यावीत, कारण मुलाची निम्मी जनुके तिकडूनच येतात. प्रत्येकाच्या नावापुढे वय, कमरेचा घेर, शुगर किंवा बीपी असल्यास ती कितव्या वर्षी निघाली, आणि चरबी पोटावर साठते की मांड्या-नितंबांवर, हे लिहावे. जे हयात नाहीत त्यांच्याविषयी म्हाताऱ्यांना विचारावे. ‘जन्मभर निंदण-वेचणी केली, हातापायांनी बारीकच होती, पण पोट सुटलेले होते’ हे आजीचे एक वाक्य वजनाच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते.

घेर मोजताना माणसाने ताठ उभे राहावे, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरावी आणि सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचावा. निऱ्यांची खोच किंवा करगोटा टेपखाली येऊ देऊ नये आणि पोट आत ओढू देऊ नये (पुरुष मंडळी ते हटकून करतात). पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या वर असेल तर त्या नावाभोवती गोल करावा, मग वजन कितीही कमी असो.

वजनापेक्षा घेराला एवढे महत्त्व का, हे मेदपेशी कशी घडते यावरून कळते. चरबीच्या ऊतीत अर्धवट घडलेल्या पूर्वपेशी असतात. पीपीएआर-गॅमा हे जनुक चालू झाले की पूर्वपेशी मेदपेशी होते आणि तेल साठवू लागते. नव्या मेदपेशी पुरेशा तयार झाल्या नाहीत तर जुन्याच फुगतात, आणि त्यांनाही झेपेनासे झाले की चरबी पोटाच्या आत, यकृतात व स्नायूंत उतरते; मग घेर वाढतो आणि साखर आटोक्यात ठेवणारे इन्शुलिन नीट काम करेनासे होते. कापसाची खोली भरल्यावर कापूस ओसरीत आणि पुढे झोपायच्या खोलीत यावा, तसेच हे. पायोग्लिटाझोन ही मधुमेहाची गोळी नेमके हेच जनुकीय बटण दाबते, त्यामुळे ती घेणाऱ्याचे वजन थोडे वाढूनही साखर उतरते. एफटीओ या जनुकातील २००७ मध्ये उजेडात आलेला फरक मात्र वेगळ्या वाटेने काम करतो. २०१५ च्या संशोधनानुसार तो शेजारच्या आयआरएक्स३ आणि आयआरएक्स५ या जनुकांना जोर देतो, आणि पूर्वपेशी उष्णता निर्माण करणाऱ्या पेशीऐवजी साठवण करणारी पेशी होण्याकडे झुकते. हा फरक आई-वडील दोघांकडूनही आलेल्या प्रौढांचे वजन, तो मुळीच नसलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे तीन किलो जास्त आढळले.

नोंदीत जन्मवजनही घ्यावे. माता-बाल कार्डावर ते असते. मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुणे परिसरातील खेड्यांच्या अभ्यासात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्पटन येथे ३.५ किलो होते. तरीही आपल्या बाळांच्या अंगावरील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. यात आईच्या पोषणाचा वाटा मोठा असतो, तेव्हा सगळा दोष जनुकांवर टाकून मोकळे होऊ नये.

ज्या बाजूला गोल जास्त पडले, त्या बाजूच्या तरुणांकडे आधी लक्ष द्यावे. शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका पाहण्यासाठी तीस वर्षांवरील माणसांचा अर्ज आशाताई भरतात. त्यात कमरेचा घेर आणि घरातील आजार विचारलेले असतात, तेथे अंदाजाने न सांगता हे पान पुढे करावे. तिशीच्या आतील कोणाचा घेर मोठा असेल आणि आई किंवा वडिलांना शुगर असेल, तर त्याची उपाशीपोटी साखर तपासून घ्यावी. मानेची कातडी काळी व मखमली झाली असल्यास ती मळ समजून घासत बसू नये. इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते. दोन लाखांहून अधिक प्रौढांच्या २०११ च्या एकत्रित विश्लेषणात अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये एफटीओमुळे येणारा लठ्ठपणाचा धोका सुमारे एकचतुर्थांशाने कमी दिसला. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल आल्यावर ज्यांचे चालणे सुटले, त्यांच्यासाठी हा आकडा महत्त्वाचा आहे.

फक्त एका बाबतीत नोंदीची वाट पाहत बसू नये. पाच वर्षांच्या आतील मूल अनावर भुकेने सतत खायला मागत असेल आणि झपाट्याने फुगत असेल, तर त्याला ‘खात्यापित्या घरचे’ म्हणून सोडून न देता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा मोजक्या मुलांत दोष एकाच जनुकात असतो, आणि त्यांपैकी लेप्टिन या संप्रेरकाच्या जन्मजात अभावावर तेच संप्रेरक इंजेक्शनने देऊन उपचार करता येतो.