विंडोज सोडून लिनक्सवर येताय? या चुका टाळा

"ताई, ह्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नाही म्हणतात. मग टाकून द्यायचा?" १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेट बंद झाले, तेव्हापासून फोंड्यात हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला आहे. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी २०१७मध्ये आली. त्याआधीची बहुतेक यंत्रं इथे अडतात, मग ती कितीही ठणठणीत असोत. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला असा कॉम्प्युटर लिनक्स मिंट या विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत सिस्टीमवर अजून काही वर्षं छान चालतो. टाकायची काहीच गरज नाही.

मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, जत्रेची हस्तपत्रकं, नाटकाच्या जाहिराती, देवस्थानांच्या स्मरणिका. ओळखीतल्या बऱ्याच जणांना लिनक्सवर आणलं आणि त्यातले काही परतही गेले. परत गेलेल्यांपैकी एकालाही लिनक्स अवघड वाटलं नव्हतं. त्यांच्या रोजच्या कामातली एखादी फाईल, एखादा फॉन्ट नाहीतर एखादं यंत्र विंडोजकडे राहून गेलं होतं, आणि ते निघायच्या आधी कुणी तपासलं नव्हतं.

चवथीच्या तोंडावर बदल

एका छपाईवाल्याने गणेश चवथीला आठ दिवस असताना विंडोज पुसलं. हातात आरत्यांच्या पुस्तिका, मंडळाचे कार्यक्रम, पावतीपुस्तकं. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तर देवनागरीचा पत्ता नाही. शेवटी भाच्याचा लॅपटॉप मागून आणून काम निभावलं, आणि त्यानंतर लिनक्सचं नाव काढलं की ते हात जोडतात. त्यांचा दोष धरता येत नाही. एकाच रात्रीत सगळं बदलू नका, एवढं त्यांना आधी कुणी सांगायला हवं होतं.

आधी सॉफ्टवेअर बदला, सिस्टीम नंतर. लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी), फायरफॉक्स (ब्राउझर), थंडरबर्ड (मेल), गिम्प (फोटो), इंकस्केप (रेखाचित्रं), व्हीएलसी (व्हिडिओ) ही सगळी विंडोजवरही चालतात. विंडोजवरच दोन महिने त्यांच्यात काम करा. जिथे अडेल तिथे जुनं सॉफ्टवेअर शेजारी आहेच. हात बसला की लिनक्सवर गेल्यावर खिडकीची चौकट तेवढी वेगळी दिसते, आतली बटणं ओळखीची असतात. घाईही नाही, कारण विंडोज १०चे वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात.

यादी करताना सॉफ्टवेअरची नावं लिहू नका, कामं लिहा. "मला वर्ड लागतं" यावरून काही कळत नाही. "पंचायतीला द्यायचं पत्र टाइप करून पीडीएफ करते" असं लिहिलं की लिब्रेऑफिस पुरेल हे लगेच दिसतं. "समोरच्या वकिलाने पाठवलेल्या वर्डच्या मसुद्यात त्याच्या दुरुस्त्या ठेवून माझ्या घालते" असं असेल तर मात्र तशीच खरी फाईल दोन्हीकडून पाठवून पाहावी लागेल.

फॉन्ट: सगळ्यात मोठा खड्डा

मराठी आणि कोकणी माणसाचं घोडं इथेच अडतं, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात याबद्दल एक ओळही सापडत नाही.

कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये "मराठी" हा शब्द टाइप करा आणि मग फॉन्ट बदलून एरियल करा. पडद्यावर ई, जे, के, बी, एच ही पाच रोमन अक्षरं दिसतील. फाईलमध्ये पहिल्यापासून तीच आहेत. कृतिदेव हा फॉन्ट त्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवत होता, इतकंच. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की खरं रूप उघडं पडतं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टसंचांची सांकेतिक रचना आणखी वेगळी, त्यामुळे एकाचा कन्व्हर्टर (मजकूर दुसऱ्या संकेतात बदलून देणारा प्रोग्राम) दुसऱ्याला चालत नाही.

तात्पुरता उपाय सोपा आहे. फॉन्टची फाईल लिनक्सवर आणा, तिच्यावर दोनदा क्लिक करून इन्स्टॉल करा, जुनी कागदपत्रं दिसू लागतील. पण एक सांभाळा. अशा फाईलमध्ये टाइप करण्याआधी लिब्रेऑफिसची ऑटोकरेक्ट सोय पूर्ण बंद करा. ती वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठ्या लिपीतलं (कॅपिटल) करते आणि सरळ अवतरणचिन्हं गोल करते. कृतिदेवमध्ये लहान आणि मोठ्या लिपीतल्या अक्षरांवर वेगवेगळे आकार बसवलेले असतात, आणि अर्धा श आणि अर्धा ष तर सरळ अवतरणचिन्हांवरच आहेत. म्हणून "शांतादुर्गा"मधला श अचानक मोडतो आणि माणूस लिनक्सला बोल लावतो. वर्डमध्येही हेच होतं. तिथे ती सोय कुणीतरी पूर्वी बंद करून ठेवलेली असते आणि आपण ते विसरलेलो असतो.

कायमचा उपाय म्हणजे युनिकोड, प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणारी जगभर चालणारी पद्धत. जुन्या फाईली युनिकोडमध्ये आणण्याचं काम विंडोज हाताशी असतानाच उरका, म्हणजे मूळ आणि बदललेला मजकूर शेजारी ठेवून वाचता येतो. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये नेमकं उलट. म्हणून "आर्थिक" हा शब्द कन्व्हर्टरची खरी परीक्षा घेतो, कारण त्यात दोन्ही एकाच अक्षरावर येतात. त्याच्या जोडीला "दुसऱ्या", "तऱ्हा", "ॲड." हे शब्द घालून पाहा. बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत, आपला "ऱ्या" त्यांच्या गावीच नसतो. आणि लग्नपत्रिकेत मजकूर कृतिदेवमध्ये पण ईमेल इंग्रजीत असेल, तर सगळं एकत्र निवडून कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. इंग्रजी भाग कुठला हे त्याला कळत नाही, तो ईमेलचीही देवनागरी खिचडी करून देतो. आधी इंग्रजी तुकडे बाजूला काढा.

हजारो फाईली असतील तर सगळ्या बदलत बसू नका. दरवर्षी लागणाऱ्या, म्हणजे जत्रेचा कार्यक्रम, संस्थेची घटना, सभासदांची यादी, एवढ्या युनिकोडमध्ये आणा. बाकीच्यांची पीडीएफ करून ठेवा. छापून पाहायला तेवढं पुरतं.

आता टायपिंग. इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची सरकारी कीबोर्ड-मांडणी) येत असेल तर मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडली की झालं. रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची सवय असलेल्यांनी आयबस हे वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारं साधन आणि त्याच्या जोडीचं एम१७एन पॅकेज टाकावं. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्टखेरीज रेमिंग्टन आणि गमभन (रोमन कळांवरून उच्चारानुसार टाइप करायची पद्धत) हेही आहेत. टाकल्यावर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर यादीत काही दिसत नाही आणि आपण उगाच तासभर शोधत राहतो. गोव्यात एकाच दिवसात कोकणी निमंत्रण आणि मराठी अर्ज दोन्ही टाइप करावे लागतात, पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांची देवनागरी एकच आहे, म्हणून कीबोर्ड बदलायची गरज पडत नाही. मजकुराची भाषा मात्र लिब्रेऑफिसमध्ये मराठी अशी निवडा. काही फॉन्टांत ल आणि श यांची आपली वळणं भाषा मराठी असेल तरच येतात, एरवी हिंदी वळणं दिसतात.

इंग्रजी फॉन्टचंही थोडं पाहा. वर्डची फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडल्यावर ओळी खाली सरकल्या तर बहुतेक वेळा कॅलिब्री नसतो. कार्लिटो हा फॉन्ट कॅलिब्रीच्या मापाने आणि कॅलाडिया कँब्रियाच्या मापाने बनवलेला आहे. ते टाकले की पानं जागेवर येतात. तरी दुसऱ्याला नुसतं वाचायलाच द्यायचं असेल तर पीडीएफच पाठवा.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधल्या स्मरणिका कपाटात असतील तर घाबरू नका. लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या आणि कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या फाईली उघडू शकतो. मांडणी तंतोतंत येईल अशी आशा धरू नका, पण मजकूर हाती लागतो. फाईल परत त्याच स्वरूपात साठवता मात्र येत नाही.

वाईनकडून भलती अपेक्षा

वाईन हे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर १९९३पासून घडतंय आणि पुष्कळ गोष्टी त्यात सुरेख चालतात. चौसष्ट बिटांच्या विंडोजने नाकारलेले सोळा बिटांचे काही जुने प्रोग्रामसुद्धा तिथे उघडतात. पण माणसं तिच्याकडे पहिल्या दिवशी धावतात, ही चूक. आधी लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर पाहा, मग ब्राउझरमध्ये चालणारं पाहा, त्यानंतर वाईन.

विंडोजमधलं प्रोग्राम फाइल्सचं फोल्डर जसंच्या तसं उचलून आणणं हा प्रकार मी बऱ्याचदा पाहिला. तसं क्वचितच चालतं, कारण प्रोग्रामच्या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत असतात आणि त्या फोल्डरबरोबर येत नाहीत. मूळ इन्स्टॉलर शोधून वाईनमध्ये नव्याने बसवा. त्याआधी वाईनच्या संकेतस्थळावरच्या यादीत आपल्या सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती पाहा. प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ आणि सगळ्यात खाली गार्बेज अशी प्रतवारी तिथे असते. नाव तेच पण आवृत्ती वेगळी असली की दर्जा पार बदलतो.

सगळी सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी कोंबू नका. बॉटल्स नावाचं साधन प्रत्येकाला वेगळी बाटली देतं, एकात बिघाड झाला तर दुसरं सुखरूप राहतं. आणि वाईनचा सी ड्राइव्ह तुमच्या होम फोल्डरमध्ये लपलेला असतो. बॅकअप घेताना लपलेली फोल्डर वगळलीत तर आत साठवलेलं कामही वगळलं जाईल.

डोंगलवर, म्हणजे यूएसबीत लावायच्या परवान्याच्या किल्लीवर चालणारं सॉफ्टवेअर वाईनमध्ये चालेल असं धरून चालू नका, कारण विंडोजचे हार्डवेअर ड्रायव्हर वाईनमध्ये सहसा बसत नाहीत. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि डिजिटल सहीचा यूएसबी टोकन यांच्यासाठी मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लिनक्सच्या आत, खिडकीत दुसरी सिस्टीम चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोज ठेवायला सांगते. तिथे यूएसबीची यादी रिकामी दिसते आणि लोक हताश होतात. कारण साधं आहे: तुमचं युजर खातं व्हीबॉक्सयूझर्स या गटात नसतं. ते जोडा, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, टोकन दिसेल. आतल्या विंडोजलाही रीतसर परवाना लागतो, आणि कॉम्प्युटरसोबत आलेला परवाना बहुधा त्या मशीनपुरताच असतो.

आणि स्पष्टच सांगते, पोट फोटोशॉप किंवा कोरलच्या नव्या आवृत्तीवर असेल, गिऱ्हाईक त्याच फाईली मागत असेल, तर ते यंत्र विंडोजवरच राहू द्या. घरचा दुसरा कॉम्प्युटर लिनक्सवर आणा.

डी ड्राइव्हचा भरवसा

"डेटा सगळा डीमध्ये आहे, काळजी नाही." हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. बहुतेक घरगुती कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. इन्स्टॉल करताना "इरेज डिस्क" निवडलं की दोन्ही जातात. कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. सीडीवरच्या जुन्या बॅकअपवर विसंबू नका. आपल्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते.

आउटलुकची पीएसटी फाईल, जिच्यात सगळे मेल साठतात, ती विसरली जाते. आउटलुक चालू असतानाच थंडरबर्डमध्ये मेल आणून घ्या. विंडोज गेल्यावर आठवण झाली तर लिनक्सवरचा रीडपीएसटी हा प्रोग्राम कामी येतो, पण वाट लांबची.

पेनड्राइव्हवरून मिंट इन्स्टॉल न करताच चालवून पाहता येतं. ती सोय नीट वापरा: वायफाय, आवाज, स्कॅनर आणि मुख्य म्हणजे प्रिंटर. छोट्या जुन्या लेझर प्रिंटरांपैकी काही लिनक्सवर फार छळतात. एक मराठी पान प्रत्यक्ष छापून बघा. आणि पावसाळ्यात इन्स्टॉल करताना यूपीएस हवाच, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही.

दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्सला ती ड्राइव्ह नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे झालं तर तो बिघाड नव्हे. विंडोज कॉम्प्युटरच्या घड्याळात स्थानिक वेळ धरतं, लिनक्स जागतिक वेळ, आणि आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की गोंधळ मिटतो.

माझ्या स्वतःच्या मशीनवर मी विंडोज पुसलंच नाही. नवी छोटी एसएसडी घेतली, तिच्यावर मिंट बसवलं आणि जुनी डिस्क जशी होती तशी काढून ठेवली. हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत, वर तारीख लिहून. यूएसबीच्या डबीत घातली की तिच्यावरची कुठलीही फाईल उघडते. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर डिस्क काढण्याआधी तो बंद करा, नाहीतर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून डिस्कपासून वेगळी, घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा.