प्रभुभोजनाच्या आधीचा आठवडा

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं : येशूची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून भाकर आणि प्याला घ्यायचा. प्याल्यांची तयारी माझ्याकडे. शनिवारी दुपारी काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजत घालायच्या, संध्याकाळी कुस्करून गाळायच्या, काचेच्या बारक्या प्याल्या एकेक पुसून ट्रेमध्ये लावायच्या. रविवारी तो ट्रे रांगेतून फिरतो तेव्हा काही जण हात न लावता पुढे सरकवतात. विचारलं तर म्हणतात, "बाई, मन साफ नाही." काही जण बिनदिक्कत घेतात, पण पुढच्या बाकावरच्या सख्ख्या जावेशी बोलणं कधीचं बंद. दोघांनाही उपयोगी पडेल असं लिहिते आहे.

आधी वाचन. १ करिंथ, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं बायबलातलं पहिलं पत्र, त्याच्या ११व्या अध्यायातलं २८वं वचन आपल्याला पाठ असतं : माणसाने स्वतःची परीक्षा करावी. तेवढंच वाचलं की माणूस दार लावून आपली पापं मोजत बसतो. म्हणून १७पासून ३४पर्यंत सगळं वाचा, मोठ्याने वाचलंत तर उत्तम. करिंथमध्ये काय चाललं होतं? मंडळी भोजनाला जमायची, ज्यांच्या घरी भरलेलं होतं ते आधीच खाऊन-पिऊन मोकळे, आणि गरीब उपाशी. पौल चिडलाय तो यावर. परीक्षा करा म्हणतो ते याच रागाच्या भरात, आणि शेवटी उपायही साधाच सांगतो : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. शिवाय परीक्षा करून मग खावं, असं तो म्हणतो. वर्षानुवर्षं ट्रे पुढे सरकवा, असं कुठेही नाही.

स्कॉटलंडच्या मंडळ्यांत एके काळी ही परीक्षा वडीलजन, म्हणजे मंडळीचे कारभारी, घेत. पसंत पडलेल्याला शिशाचा छोटा बिल्ला मिळे, तो दिला की भोजनाला बसता येई. आपल्याकडे बिल्ले नाहीत, पण "ती कशी काय गेली गं पुढे?" हे कुजबुजणारे आहेतच. आठवडाभर तेवढं बंद ठेवा.

सोमवारपासून रोज रात्री दहा मिनिटं काढा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. १३९व्या स्तोत्राची शेवटची दोन वचनं, देवा माझी झडती घे ही, प्रार्थना म्हणून म्हणा आणि वहीत नावं लिहा. पापांची यादी करू नका, तिथे आपण सफाईदार होतो : "मी कमी प्रार्थना केली" वगैरे. नाव लिहिलं की पळवाट राहत नाही. उपासना सुटल्यावर कोणाला टाळून मी मागच्या दाराने निघते? महिला मंडळात कोणाची सूचना ऐकायच्या आधीच मोडीत काढते? "प्रार्थनेसाठी सांगते हं" असं म्हणत कोणाच्या घरची भानगड चार जणींना सांगितली? (आपल्यातल्या निम्म्या चुगल्या प्रार्थनाविनंतीच्या वेषात फिरतात, हे माझं ठाम मत आहे.) आणि सोयरीक जमवताना "मूळचे कोण तुम्ही?" हे हळूच विचारलं का? एकाच भाकरीतून खाणाऱ्यांना हा प्रश्न सर्वांत जास्त झोंबायला हवा, पण त्यावर उपदेश क्वचितच ऐकू येतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या (इथे मंडळ्या म्हणजे पंथ) मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. बाळांना बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणीच देणारे, दोघेही त्यात आले. त्यासाठी वर्षानुवर्षं बैठका, मसुदे, वाद झाले. एवढी मोठी माणसं एका कागदावर आली, आणि आपल्याला सफाईच्या पाळीवरून झालेलं भांडण मिटवता येत नाही.

गुरुवार-शुक्रवार जाण्यासाठी ठेवा. मत्तय ५:२३-२४ नीट बघा : आपल्या भावाच्या मनात *आपल्याविरुद्ध* काही आहे हे आठवलं, तर दान वेदीपुढे ठेवून आधी त्याच्याकडे जायचं. त्याने यावं म्हणून बसून राहायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेलं चित्र पाठवून हे काम होत नाही. रविवारी चर्चच्या दारातही नको, तिथे लोक बघत असतात आणि समोरच्याला "असू दे" म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. घरी जा, एकट्याने जा. वाक्य छोटं ठेवा : "त्या दिवशी सभेत मी तुम्हाला तोडून बोलले. चुकलं माझं." पुढे "पण" आला की गप्प बसा. चहा ठेवला तर घ्या.

सगळंच बोलायचं असंही नाही. मनातल्या मनात कोणाचा हेवा केला असेल आणि तिला पत्ताही नसेल, तर "मी तुझा फार हेवा करायचे" हे तिच्या गळ्यात घालू नका. ते देवाजवळ बोला.

समोरच्याने दार लावून घेतलं तर? रोम १२:१८मध्ये "तुमच्याकडून होईल तितके" असं आहे. तुमच्याकडून झालं असेल तर रविवारी भोजन घ्या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.

दोन गोष्टी मात्र या सगळ्यात बसत नाहीत. मंडळीच्या पैशात घोळ असेल तर ऐक्याच्या नावाखाली गप्प बसू नका, हिशेब मागा. आणि नवऱ्याच्या हातचा मार खाऊन आलेल्या बहिणीला "आधी तू क्षमा कर, मग प्याला घे" असं सांगायला कोणी जाऊ नये. तिला आधी दवाखान्यात न्या, ती म्हणेल तर पोलीस ठाण्यातही सोबत जा.