क्रिएटिनिन ०.९, मग डोस कमी कशाला? वयस्करांच्या बाबतीत या चुका टाळा

रिपोर्टवर क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) ०.९. शेजारी लॅबने छापलेली मर्यादा ०.६ ते १.२. ‘किडनी ठणठणीत’ म्हणून फाइल मिटते. बरीच औषधं किडनीवाटेच बाहेर पडतात, म्हणून तिचं काम मंदावलं की डोस कमी लागतो. सत्तरी-ऐंशीच्या माणसांचा डोस बहुतेकदा इथेच चुकतो.

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंतून. वयाबरोबर स्नायू झडतात, म्हणजे मुळात आवकच घटते. मग किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी रक्तातला आकडा चढत नाही. तिशीतल्या पहिलवानाचं ०.९ आणि अंथरुणाला खिळलेल्या आजींचं ०.९ एका तराजूत घालता येत नाही.

हिशोब करून बघू. १९७६ सालचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र सोपं आहे: १४० मधून वय वजा करा, किलोतल्या वजनाने गुणा, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागा आणि बाई असेल तर ०.८५ ने गुणा. समजा आजी ८२ वर्षांच्या, वजन ४२ किलो, क्रिएटिनिन तेच ०.९. ५८ गुणिले ४२ म्हणजे २,४३६. भागिले ६४.८, मग गुणिले ०.८५. उत्तर मिनिटाला सुमारे ३२ मिलि, म्हणजे किडनी मिनिटाला एवढंच रक्त क्रिएटिनिनपासून साफ करते. ‘नॉर्मल’ रिपोर्टमागे हे दडलेलं असतं.

रिपोर्टवरचा ईजीएफआर उचलून डोस ठरवणं

याच आजींचा ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून लॅब काढते तो किडनीच्या कामाचा अंदाज) २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने ६४ च्या आसपास येतो. ३२ कुठे, ६४ कुठे! फरकाचं एक कारण असं, की ईजीएफआर १.७३ चौरस मीटर अंगाच्या माणसाचा धरून छापतात. १४८ सेंमी उंचीच्या या आजींचं अंग जेमतेम १.३१ चौरस मीटर. त्या मापाने ६४ चे ४८ होतात. तरीही दोन सूत्रांत अंतर उरतंच, कारण कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट अतिवृद्धांत अनेकदा आकडा कमीच दाखवतं.

मग धरायचा कुठला? त्या औषधाच्या माहितीपत्रकात जो असेल तो. रक्त पातळ करणारी रिव्हरोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांच्या मर्यादा कॉकक्रॉफ्ट-गॉल्टवर बेतल्या आहेत. मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या ईजीएफआरवर (३० च्या खाली ती बंदच). हृदयाचे ठोके अनियमित असताना रिव्हरोक्साबॅनचा रोजचा डोस २० मिग्रॅ असतो, पण कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं उत्तर ५० किंवा त्याखाली असेल तर १५. छापलेल्या ६४ वर विसंबलात तर आजींना पूर्ण डोस जाईल. रक्त पातळ करणाऱ्याच अपिक्साबॅनचा कायदा निराळाच: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यांपैकी दोन जुळले की ५ ऐवजी अडीच मिग्रॅ, दिवसातून दोनदा. आजी वय आणि वजनावरच त्यात बसतात.

आकडा सीमारेषेवर असेल आणि औषध जोखमीचं असेल, तर सिस्टॅटिन-सी (किडनीचं काम जोखणारं रक्तातलं दुसरं द्रव्य) तपासून घ्यावं. ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. मात्र थायरॉइडचे विकार आणि स्टेरॉइड त्यालाही हलवतात.

अंदाजाचं वजन

वॉर्डात काट्यावर उभं करायला वेळ नसतो, म्हणून ‘अंदाजे ६०’ लिहिलं जातं. तेवढ्यानेच आजींचे ३२ चे ४६ होतात. अंगावर सूज असेल तर काट्यावरचं वजनही फसवं.

काही जण क्रिएटिनिन ०.५ आलं तर ‘म्हाताऱ्या माणसाचं १ धरा’ म्हणतात. मला हे पटत नाही. उत्तर एकदम अर्ध्यावर येतं आणि जंतुसंसर्गात अँटिबायोटिक कमी पडतं.

जुलाब-उलट्यांत सूत्र लावणं

सगळी सूत्रं क्रिएटिनिन स्थिर आहे असं धरून चालतात; जुलाब-उलट्यांत ते स्थिर नसतं. काल ०.९ आणि आज १.६ असेल, तर १.६ वरून काढलेलं उत्तरही खोटं. किडनीची या घडीची अवस्था त्याहून वाईट असते. तेव्हा लघवी किती होते आहे ते बघा आणि आकडा स्थिरावेपर्यंत रोज तपासा. महिन्यापूर्वीचा रिपोर्ट तर बाजूलाच ठेवा. उलट, रात्री मटण चापलं असेल किंवा ट्रायमेथोप्रिम हे अँटिबायोटिक असलेली गोळी सुरू असेल, तर किडनीला काही न होताही क्रिएटिनिन थोडं वाढतं.

आणि औषधांची यादी विचारताना चिठ्ठीवरच्या गोळ्यांवर थांबू नका. बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि त्यात गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, हे त्रिकूट किडनीला चांगलंच महागात पडतं. ‘ती काय, दुखण्याचीच आहे’ म्हणून आजी तिचं नाव घेत नाहीत; उशीखालची पिशवी मागा.