नवी मुंबईत खिडकी कधी उघडायची, कधी लावायची

हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो आणि धूर-धूळ खालीच साचते. सकाळी पामबीच रस्त्यावर दिसणारा करडा पडदा तोच. दुपारी खाडीकडून वारा सुटला की तो विरतो. हवामान बदलाचा घाव पाऊस आणि या वाऱ्याच्या वेळापत्रकावरच बसतो. मुंबईतून पाऊस परतायची सरासरी तारीख हवामान खात्याने 2020 मध्ये 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर केली. त्यामुळे गेल्या वर्षीच्या अंदाजावर विसंबू नका, हवेच्या प्रदूषणाचा रोजचा आकडा बघा.

पण कोणता? ‘समीर’ या सरकारी अ‍ॅपवरचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, धूर-धुळीच्या कणांसाठी मागच्या 24 तासांची सरासरी धरतो. दुपारी चारला हवा निवळते, तरी त्यात रात्रीचा धूर मोजलेला असतो. म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबी) संकेतस्थळावर नेरूळ, महापे असं जवळचं केंद्र निवडून पीएम 2.5 चा, म्हणजे धुरातल्या अतिबारीक कणांचा, तासाचा आकडा घ्या. त्याची 24 तासांची मर्यादा घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅम आहे. घरगुती अडाखा असा: 60 च्या आत असेल तर खिडक्या सताड उघड्या, 90 च्या वर गेला की बंद. बंद घरात उदबत्ती आणि डासांची कॉइल अजिबात नको, केरसुणीऐवजी ओलं फडकं फिरवा. बाहेर जाताना एन95 मास्क, नाकावरची पट्टी दाबून. रुमालातून हे कण आरपार जातात.

एप्रिल-मेमध्ये हिशेब उलटतो. कडक उन्हात वाहनांच्या धुरातून ओझोन तयार होतो, आणि तो वायू असल्याने एन95 त्याला अडवत नाही. धावणं-खेळणं सकाळीच उरका.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात (2019) नवी मुंबई आहे. त्याची प्रगती पीएम 10 वर, म्हणजे जरा मोठ्या कणांसकट, मोजतात, त्यामुळे रस्त्यावरच्या धुळीकडे जास्त लक्ष जातं आणि धुराचे बारीक कण मागे राहतात. ही उणीव मोठी आहे.

शेजारी पुनर्विकासाचं काम असेल तर बांधकामाच्या धुळीबद्दलची 2018 ची केंद्राची अधिसूचना हाताशी ठेवा. इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश, कमाल 10 मीटर, वाराविरोधी पडदा हवा. वाळू-माती झाकलेली हवी. पाणी मारायलाच हवं. उघड्यावर दगड किंवा फरशी कापायला बंदी. ‘धुळीचा त्रास होतो’ एवढंच लिहिलेला अर्ज फाइलीत पडून राहतो. यातलं नेमकं काय नाही ते तारीख-वेळेच्या फोटोसह लिहा, सोसायटीच्या लेटरहेडवर पालिकेच्या विभाग कार्यालयात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयाच्या खिडकीवरून हलू नका.