फ्रीझाचा डेथ बीम कसा रेखाटावा आणि हलता कसा करावा

अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’ या जपानी चित्रकथेतील खलनायक फ्रीझा केवळ तर्जनी रोखून जो बारीक किरण सोडतो, तो डेथ बीम काढायला घेतला की नव्या चित्रकाराचा हात बहुधा प्रकाश, ठिणग्या आणि स्फोट यांवरच रेंगाळतो. चित्र झगझगीत होते, पण दहशत हरवते. हा हल्ला भीतिदायक ठरतो तो त्यामागे कसलेही कष्ट दिसत नाहीत म्हणून, आणि पुढची सारी कृती हे कष्ट लपवण्यासाठीच करायची आहे.

सुरुवातीला कथेचा नायक गोकू याच्या कामेहामेहा या ऊर्जाकिरणाची रचना नीट पाहून घ्यावी. दोन्ही तळवे कमरेशी एकत्र येतात, नावाचा एकेक अक्षरगट उच्चारला जातो, तळव्यांमध्ये गोळा वाढत जातो आणि मग हात पुढे झेपावतात. प्रेक्षकाला श्वास रोखून धरायला पुरेसा वेळ मिळतो. गोकूचा साथीदार पिकोलोही माकान्कोसाप्पो हा आपला किरण सोडण्याआधी दोन बोटे कपाळाशी नेऊन शक्ती साठवतो. फ्रीझाच्या बाबतीत ही पूर्वतयारी जवळजवळ पुसून टाकावी लागते.

म्हणून पहिले रेखाटन किरणाचे करू नये, उभे राहण्याच्या ढबीचे करावे. अंतिम रूपातील फ्रीझा बुटका, गुळगुळीत आणि पांढरा आहे. त्याचे खांदे सैल, पाय जवळजवळ आणि दुसरा हात निवांत ठेवावा. शेपटीचा हलका बाक तोल दाखवतो, तेव्हा ती ताठ करू नये. मूळ जपानी आवाजात र्‍यूसेई नाकाओ त्याला अत्यंत आदबशीर भाषेत बोलायला लावतात, आणि ही आदब चित्रातही उतरली पाहिजे: भुवया आक्रसलेल्या नकोत, दात आवळलेले नकोत, ओठांच्या एका कडेला किंचित हसू पुरे. जपानमध्ये जमिनींचे भाव गगनाला भिडले होते त्या काळात लोकांना जागांवरून हुसकावणारे जमिनीचे दलाल या पात्रामागे होते, असे तोरियामा यांनी सांगितले आहे. ग्रहावरील रहिवाशांना संपवून तो ग्रह विकणाऱ्या या खलनायकाचा चेहरा काढताना ते ध्यानात ठेवले, तर रागीट राक्षस काढण्याची चूक आपोआप टळते.

हात मात्र सावकाश काढावा, कारण सगळे दृश्य त्यावर तोललेले असते. मनगट सैल, तर्जनी सरळ, उरलेली बोटे तळव्याकडे अर्धवट मिटलेली. टेबलावरची मुंगी दाखवावी इतक्या सहजतेने बोट पुढे आले पाहिजे. बोट थेट प्रेक्षकाकडे रोखलेले असेल, तर बोटाचे टोक मोठ्या वर्तुळासारखे काढून त्यामागे पेरांची दोन लहान वर्तुळे एकमेकांत अडकवावीत आणि मूठ, कोपर, खांदा यांना क्रमाने आक्रसत न्यावे. या कोनात चेहरा बोटाच्या टोकाआड जाणार नाही याची काळजी घ्यावी. निदान एक डोळा मोकळा दिसायलाच हवा.

आता वेळेचे गणित. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या आणि जपानी टीव्ही मालिकांच्या रीतीप्रमाणे एक चित्र तीन फ्रेम टिकवले, तर सेकंदाला 8 चित्रे लागतात. बोट उचलण्याला दोन-तीन चित्रे द्यावीत, बोटाच्या टोकावर उमटणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याला एक द्यावे. किरण मात्र टप्प्याटप्प्याने पुढे सरकवू नये: एका फ्रेममध्ये तो नसावा आणि दुसऱ्या फ्रेममध्ये तो बोटापासून लक्ष्याच्या पलीकडेपर्यंत आरपार गेलेला असावा. दोन-तीन फ्रेमनंतर तो पुसावा. वाचलेला सगळा वेळ घाव बसलेल्या पात्राला द्यावा, कारण काय घडले हे त्याला स्वतःलाच उशिरा कळते. नामेक ग्रहावरील लढाईत गोकूचा प्रतिस्पर्धी व्हेजिटा बोलत असतानाच किरण त्याच्या छातीतून आरपार जातो. गेंकिदामा या गोकूच्या प्रचंड ऊर्जागोळ्यातून वाचलेला फ्रीझा जो किरण गोकूवर सोडतो, तो मध्ये आलेल्या पिकोलोला भेदतो. दोन्ही प्रसंगांत आपल्या मनावर कोरले जाते ते उभ्या देहाचे थिजणे.

प्रकाशासाठी जुनी रीत समजून घेतली तर आजची सोपी जाते. 1989 साली ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही टीव्ही मालिका सुरू झाली तेव्हाच्या सेल ॲनिमेशनमध्ये, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवर चित्रे रंगवण्याच्या पद्धतीत, असे किरण नुसते रंगवत नसत. काळ्या पृष्ठभागात किरणाच्या आकाराची मोकळी जागा ठेवून मागून प्रकाश सोडत आणि त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण करत. त्यामुळे गाभा पांढराशुभ्र होई आणि कडा आपोआप पसरत. क्रिटासारख्या चित्रकलेच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हाच परिणाम तीन लेअरमध्ये (एकावर एक थरांमध्ये) साधतो: सर्वांत वर टोकदार पांढरी रेघ, तिच्याखाली गुलाबी-जांभळी जाड रेघ, आणि तळाशी तोच रंग धूसर करून ‘ॲडिशन’ ब्लेंडिंग मोडमध्ये, म्हणजे खालच्या रंगात मिसळून तो अधिक उजळ करणाऱ्या पर्यायात. पांढरी रेघ बोटाच्या जाडीपेक्षा बारीकच ठेवावी. पार्श्वभूमी किरणाच्या त्या दोन-तीन फ्रेमपुरती गडद केली तर धूसर लेअर फारसा वाढवावा लागत नाही. हा उपाय मला सर्वांत परिणामकारक वाटतो.

फ्रीझाने नामेकच्या गाभ्यावर सोडलेला डेथ बॉल हा ऊर्जेचा गोळा काढायचा असेल, तर प्रमाण बदलते पण तर्जनी तीच राहते. गोळा कितीही मोठा केला तरी खालच्या हाताचे स्नायू फुगवू नयेत.

शेवटी किरणाचे तिन्ही लेअर बंद करून संपूर्ण दृश्य एकदा चालवून पाहावे. बोट उचलले गेले, समोरचा थिजला आणि कोसळला, हे किरणाविनाही कळत असेल तर लेअर पुन्हा सुरू करावेत. कळत नसेल तर प्रकाशाला हात न लावता थिजण्याची चित्रे वाढवावीत.