पॅचिंगच्या रात्रीआधी

व्हीएमवेअरच्या होस्टना (एकाच वेळी अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणाऱ्या सर्व्हरना) पॅच, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, लावायचे असतील तर सगळ्यात आधी तारीख ठरवा, आणि नागपुरात तरी मे महिना टाळा. एक होस्ट रिबूटला गेला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो, सर्व्हर रूमचा एसी आधीच टेकीला आलेला असतो, त्यात लाइन गेली की यूपीएसची परीक्षा. तान्ह्या पोळ्याला ऑफिसला सुटी असेल तर तो दिवस बरा. फक्त इतवारीकडून येणाऱ्याला मारबतीची मिरवणूक सुरू व्हायच्या आत निघायला सांगा.

पॅच आधी व्हीसेंटरला (सगळे होस्ट सांभाळणारं सॉफ्टवेअर), मग ईएसएक्सआय होस्टला (ईएसएक्सआय म्हणजे होस्टवर चालणारी व्हीएमवेअरची प्रणाली). व्हीसेंटरचा बॅकअप ५४८० पोर्टवरून (त्याच्या व्यवस्थापनाच्या पानावरून) घेऊन दुसऱ्याच मशीनवर ठेवा. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची स्थिती) घ्याच, पण त्याला बॅकअप समजू नका. व्हीसेंटरचं व्हीएम कोणत्या होस्टवर आहे ते कागदावर लिहा. रूटचा पासवर्ड आणि आयलोचं (सर्व्हर दुरून हाताळायची एचपीची सोय) लॉगिन आदल्या दिवशीच चालवून बघा. आणि प्रत्येक व्हीएमची सीडी ड्राइव्ह तपासा: कुणीतरी कधीकाळी होस्टच्या लोकल डिस्कवरची आयएसओ (सीडीची फाइल) जोडून विसरलेला असतो, मग ते व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलत नाही आणि मेंटेनन्स मोड (रिबूटआधी होस्ट रिकामा करणं) मध्येच अडकून बसतो.

‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा’ म्हणणारे भेटतीलच. त्यांना ईएसएक्सआयआर्ग्सची आठवण करून द्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्या रॅन्समवेअरने जुन्या होस्टवरची व्हीएम लॉक केली; ईएसएक्सआयमधल्या ज्या ओपनएसएलपीच्या (नेटवर्कवरच्या सेवा शोधणारी एसएलपी सुविधा) छिद्रातून ते शिरल्याचं सांगितलं गेलं, त्याचा पॅच फेब्रुवारी २०२१ पासून उपलब्ध होता. एसएलपी लागत नसेल तर तेही बंद करा, ४२७ पोर्ट मोकळा ठेवू नका.

टीएलएस १.० आणि १.१ (जोडणी एन्क्रिप्ट करणारे जुने प्रोटोकॉल) मात्र त्याच रात्री बंद करू नका. पॅचिंग आणि हे, दोन्ही एकदम केलं आणि काही अडलं, तर दोष कुणाचा ते कळत नाही. आठवडाभर जाऊ द्या. तेवढ्यात या जुन्या प्रोटोकॉलवर अजून कोण बोलतंय ते शोधा: जुनं बॅकअप सॉफ्टवेअर, जावा ७ वरचं एखादं मॉनिटरिंग, अकाउंट्सवाल्यांचा विंडोज सर्व्हर २००८. हे प्रोटोकॉल इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद केले, व्हीस्फिअर ८ (व्हीसेंटर आणि ईएसएक्सआयचा संच) मध्ये तर ते उरलेच नाहीत. म्हणजे अपग्रेडच्या वेळी हा हिशेब करावाच लागणार.

हे जुने प्रोटोकॉल बंद झाले का ते तपासताना एक फसगत होते. लॅपटॉपवर ओपनएसएसएल ३ (टीएलएस जोडणी करून बघायचं साधन) असेल तर ते स्वतःच टीएलएस १.० नाकारतं, आणि होस्टवर तो बंद आहे असं वाटतं. ओपनएसएसएलची सिक्युरिटी लेव्हल शून्यावर आणून बघा, किंवा एनमॅपची (नेटवर्क तपासायचं साधन) सायफर मोजणारी स्क्रिप्ट चालवा. ४४३ बरोबर ५४८० पण तपासा, तो हमखास सुटतो.

हे प्रोटोकॉल बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी बॅकअपचा लॉग उघडून वाचा. यशस्वी झाल्याचा मेल आला एवढ्यावर थांबू नका, एखादं व्हीएम रिस्टोअर करून बघा, आणि ते चालू झालं की मगच स्नॅपशॉट पुसा.