कन्फेशनमध्ये स्वतःचीच पापं कशी सांगावीत

कन्फेशन म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये फादरांसमोर, म्हणजे धर्मगुरूंसमोर, आपली पापं कबूल करणं. आदल्या रात्री बायबलमधल्या दहा आज्ञा समोर ठेवून मनाची झडती घ्या आणि मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेच्या, बऱ्याच आधी चर्चमध्ये पोहोचा. पुष्कळ दिवसांत गेला नसाल तर किती दिवसांनी आलात ते सुरुवातीलाच सांगा.

भाषेची धास्ती नको. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांचं भांडण मराठीत होतं आणि फादरांना सांगायचं हिंदीत. साधी वाक्यं पुरतात. चर्चच्या कायद्यात दुभाषासुद्धा चालतो, गुप्ततेचं बंधन त्यालाही असतं.

खरी अडचण पुढे आहे. कित्येक वर्षं मी माझ्या जावेची पापं सांगत आले. "आईंच्या औषधांच्या खर्चावरून ती लागेल असं बोलली, म्हणून मी अबोला धरला." एकदा फादरांनी मध्येच विचारलं, "और आपने?" माझ्याकडे उत्तरच नव्हतं. तेव्हापासून मी एकच नियम पाळते: वाक्य 'मी'ने सुरू करायचं आणि 'कारण' यायच्या आधी थांबायचं. "मी तीन महिने तिच्याशी बोलले नाही. मी मुलांसमोर तिची निंदा केली." बस्स. पार्श्वभूमी लागलीच तर फादर विचारतील.

गंभीर पाप असेल तर ते कोणतं आणि साधारण किती वेळा, दोन्ही सांगायला हवं. "थोडं चुकलंच" हे कन्फेशन नव्हे. विसरलेल्याची क्षमा होते, आठवलं की पुढच्या वेळी सांगा. पण जाणूनबुजून गंभीर पाप लपवलंत तर कन्फेशनच व्यर्थ जातं. "देवाला सगळं ठाऊक आहे, फादरांना कशाला सांगायचं?" हा सल्ला कृपा करून ऐकू नका. पुनरुत्थित येशूने पापक्षमेचा अधिकार शिष्यांना दिला, आणि मोठ्याने बोलल्याशिवाय माझी सबब मला कधी ऐकू आली नव्हती. फादर ओळखीचे असले तरी बिचकू नका, ऐकलेलं ते कुणालाही सांगू शकत नाहीत.

फादरांनी सांगितलेली प्रायश्चित्ताची प्रार्थना चर्चमधून निघण्याआधीच म्हणून टाका.

दुखावलेल्या माणसाची माफी मात्र वेगळी मागावी लागते. २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरकडे येणाऱ्या बसमधल्या कॅथलिक संन्यासिनी सिस्टर राणी मारियांचा खून झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन त्या खुन्याला राखी बांधली. हे आठवलं की माझा अबोला किती क्षुल्लक होता ते कळतं. फादरांचं "और आपने?" ऐकलं त्या दिवशी घरी येऊन मी चपला काढायच्या आधी जावेला फोन लावला. पहिलं वाक्य 'मी'नेच सुरू केलं.